राधा, यमुना की मायरा?

पत्र, थोडक्यात:

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर गेली चार वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. दोन महिन्यांनी आमच्याकडे मुलगी येणार आहे (इथे आधी सांगतात). नावावरून घरात रोज धुसफुस चालू आहे. नवऱ्याला 'मायरा' हवं आहे: छोटं, कुठेही चालणारं, म्हणजे पुढे नोकरीच्या अर्जापासून भाड्याच्या घरापर्यंत कुठे तिचं अडायला नको. सासूबाईंचा आग्रह 'राधा'चा, कारण ते आजेसासूबाईंचं नाव, आणि पहिल्या मुलीला घरातल्या मोठ्या बाईचं नाव द्यायची त्यांच्याकडे रीत आहे. मला वाटतं, नाव ऐकताच मुलगी मराठी आहे हे कळलं पाहिजे. स्वरांगी, ज्ञानदा, ऋतुजा अशी माझी यादी तयार आहे. इथे वाढणाऱ्या मुलीचं मराठी किती टिकेल कुणास ठाऊक, निदान नाव तरी टिकावं. त्यात परवा आजेसासूबाईंच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना कळलं की त्यांचं माहेरचं नाव यमुना होतं. राधा हे लग्नात ठेवलेलं. आता काहीच सुचेनासं झालंय. संस्कृती जपायची तर नेमकं कोणतं नाव ठेवायचं?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

यमुनाबाईंची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लग्नानंतर ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, हे आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलंय, काहींनी अनुभवलंय. पेढे वाटले जातात, नवं नाव जाहीर होतं, आणि वीस-बावीस वर्षं जिला यमू म्हणून हाक मारली ती मुलगी संध्याकाळपर्यंत राधा होते. त्या पिढीत तर वीस-बावीस कुठलं, चौदा-पंधरा वर्षांची असेल. हे नवं नाव बरेचदा नवऱ्याच्या नावाला जुळणारं निवडत. विष्णूची लक्ष्मी, शंकराची पार्वती. तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव कृष्णा, गोपाळ किंवा मुरलीधर असं काही होतं का? विचारून बघा. तसं असेल, तर 'आमच्या घराण्यातलं नाव' म्हणून जे तुमच्यापुढे ठेवलं जातंय, ते मुळात पणजोबांच्या नावाला शोभेल म्हणून आलं होतं.

याचा अर्थ राधा हे नाव खोटं, असा मात्र काढू नका. पन्नास-साठ वर्षं त्या बाई राधा म्हणून जगल्या. राधा म्हणून त्यांनी मुलं वाढवली, सुनांना ओरडल्या, रेशनकार्डावर अंगठा उठवला. कदाचित त्यांना ते नाव आवडतही असेल. आणि माहेरचं नाव म्हणजे मायेचंच नाव, असंही सरसकट नसतं. तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या 'नकुसा' आठवा. मुलगा हवा असताना झालेल्या मुली, म्हणून आई-बापांनी ठेवलेलं ते नाव. २०११ साली जिल्हा प्रशासनानं एका कार्यक्रमात अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. तिथे नाव बदलणं ही सुटका होती. तेव्हा जन्माचं ते खरं आणि लग्नाचं ते लादलेलं, इतका सोपा हिशेब मी करणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की बदल कुणी केला आणि तिला कुणी विचारलं का. यमुनाबाईंना कुणी विचारलं नसणार, हे धरून चालायला हरकत नाही.

आता तुमच्या यादीकडे येते. जरा खोड काढते, राग मानू नका.

स्वरांगी, ज्ञानदा, ऋतुजा. छान नावं आहेत. पण ही 'अस्सल मराठी' कधीपासून झाली? तुमच्या पणजीला यातलं एकही उच्चारता आलं नसतं. तिच्या ओळखीच्या बायका म्हणजे बायजा, साळू, सोनाबाई, धोंडाबाई, जनी, मुक्ता. आदिवासी पाड्यांवर वारावरून नाव पडे, सोमी, बुधी, मंगळ्या. मूल दगावतं म्हणून देवाची नजर पडू नये यासाठी ठेवलेली दगडू, केरू, कचरू, भिकू ही नावंही तितकीच या मातीतली. ती तुमच्या यादीत नाहीत, माझ्याही नसती. संस्कृतात शोधलेली, कानाला गोड, तीन-चार अक्षरी नावं म्हणजे मराठी नाव, ही समजूत गेल्या काही पिढ्यांतली आणि बऱ्यापैकी एका थरातली आहे. 'नावावरून मराठी आहे हे कळावं' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा मनात असतं ते 'नावावरून आपल्यातली आहे हे कळावं'. महाराष्ट्रात कुणीही अनोळखी माणूस नावानंतर आडनाव का विचारतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय नावं कुठून कुठून येऊन मराठी झाली, ते पाहिलं की गंमत वाटते. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावं अहमदनगरच्या शहा शरीफ या पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. सचिन हे नाव आज जितकं मराठी वाटतं तितकं क्वचितच दुसरं वाटत असेल, पण तेंडुलकरांच्या घरी ते आलं सचिन देव बर्मन यांच्यावरून, म्हणजे थेट बंगालीतून. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाचे क्रिकेटपटू रोहन कन्हाय यांच्यावरून. आणि मिलिंद? तो तर ग्रीक राजा मिनँडर. बौद्ध ग्रंथातून मिलिंद होऊन आला, बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ते नाव दिलं, आणि आज गल्लीत 'ए मिल्या' अशी हाक आली तर कुणाला ग्रीस आठवत नाही.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर थोडी थांबते, कारण तुमच्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर हजारो घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा अशी नावं ठेवली जाऊ लागली. आजोबांचं नाव पुढे चालवण्यासाठी ती ठेवलेली नव्हती. उलट, आजोबांवर जी नावं लादली गेली होती ती इथे संपवायची होती. तुमच्या पत्रात 'संस्कृती जपणं' म्हणजे मागचं पुढे नेणं, असं गृहीत धरलंय. या लोकांनी नावं पुढचं बघून ठेवली, आणि त्यातून जी ओळख उभी राहिली ती कुणाहून कमी मराठी नाही. तेव्हा मायरा ठेवून नवरा संस्कृती बुडवतोय आणि ज्ञानदा ठेवून तुम्ही ती तारताय, हे काही मला पटत नाही.

नवऱ्याचं मात्र मला सगळंच पटतंय असं नाही. परक्या नावामुळे घर मिळायला वेळ लागतो, अर्ज बाजूला पडतो, ही त्यांची भीती पोकळ नाही. पण जरा तुमच्याच इमारतीच्या दाराशी जाऊन घंट्यांवरच्या पाट्या बघा. तिथे फक्त आडनावं असतात. अर्जातही मायराच्या पुढे तुमचं आडनाव येणारच. ज्याला नाक मुरडायचंय तो आडनावापाशी मुरडेल. त्यानंतर पहिलं नाव मायरा असो की मुक्ता, फारसा फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे, 'कुठेही चालणारं' नाव खरंच चालतं का, हे कुणी तपासत नाही. जर्मन माणूस इंग्रजी वाय हे अक्षर शब्दाच्या मध्ये आलं की ओठांचा चंबू करून 'यू'च्या जवळपासचं काहीतरी म्हणतो. म्हणजे मायराची म्यूरा होण्याची दाट शक्यता. इंग्रजी 'जे' या अक्षराला तो 'य' म्हणतो, त्यामुळे जुईची युई. स्वरापूर्वीच्या एसला 'झ'सारखं म्हणतो, सानिकाची झानिका. व्ही पुष्कळदा 'फ' होतो. राधामधला एच तो सोडून देणार, आणि आपल्या कानाला राडा ऐकू येणार (सासूबाईंना हे सांगताना मागे कुणी हसत नाही ना, बघा). ज्ञानदाचं काय होईल हे मी लिहीतच नाही. तिचं तर नागपूर ओलांडलं की ग्यानदा होतं. आणि या सगळ्यांत जे नाव जर्मन माणूस कागदावरून पहिल्या फटक्यात जवळजवळ बरोबर वाचेल, ते कोणतं? यमुना. तुमच्या पत्रात ज्याच्या बाजूनं कुणीच बोलत नव्हतं, ते.

म्हणून यमुनाच ठेवा, असं मी म्हणत नाहीये. त्याआधी एक गृहीतक आहे, तुम्हा तिघांचं सारखंच. ते असं की एका नावानं सगळं करायचं: पणजीची आठवण ठेवायची, मराठीपण दाखवायचं, जर्मन ऑफिसात चालायचं आणि वर अर्थही सुंदर हवा. इतका भार आपल्याकडे एका नावावर कधी कुणी टाकलाच नव्हता. जुन्या मराठी घरात एका मुलाला तीन-चार नावं सहज असत. पत्रिकेतलं नावरस नाव एक, बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं दुसरं, शाळेच्या दाखल्यावरचं कधी तिसरंच, आणि हाक मारायचं निराळं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की सुनेची पंचाईत होई, सासऱ्याचं नाव घेऊन 'इकडे ये रे' कसं ओरडणार? मग तो घरात बाळ, नाना, अप्पा होई. पेशव्यांपासून प्राध्यापकांपर्यंत कितीतरी जण इतिहासात घरच्याच नावानं राहिले. एकोणिसाव्या शतकातले गणितज्ञ केरूनाना छत्रे यांचं नाव विनायक होतं, हे किती जणांना ठाऊक असतं?

कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर हे फार झोकात केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर. प्रार्थनेच्या पुस्तकासमोर सॅम्युएल, आणि बाहेर मराठी वळणानं सामाजी हसाजी दिवेकर. आडनाव गावावरून, नाव धर्मग्रंथातून, आणि हाक शेजाऱ्यांना जमेल अशी. यातल्या एका नावानं दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही. 'एक माणूस, एक नाव, सगळीकडे तेच' हा पासपोर्टचा नियम आहे. पासपोर्टपुरता तो पाळावाच लागतो, पण घरातही तोच लावायची काही गरज नाही.

आता कागदांचं बोलू, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे.

जर्मनीत जन्माची खबर आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते, ती बहुतेक वेळा रुग्णालयच देतं. नाव मात्र महिन्याभरात कळवलं तरी चालतं. म्हणजे बाराव्या दिवशीचं बारसं आरामात बसतं. आत्या साताऱ्यात असो नाहीतर सिडनीत, फोनच्या पडद्यावरून तिला 'कुर्र' करू द्या, मग फॉर्म भरा. एकदा नोंदलेलं नाव तिथे नुसतं आवडत नाही म्हणून बदलता येत नाही, सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून घाईत सही नको. दोघंही भारतीय नागरिक असाल तर कोणत्या देशाच्या नियमानं नाव नोंदवायचं, हे कार्यालयात आधीच विचारून घ्या. मुलीचा जन्म वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवायचा आहे, तेही विसरू नका, कारण तिचं भारतीय नागरिकत्व त्या नोंदीवर अवलंबून असतं.

नाव मुलीचं की मुलाचं हे कळत नाही म्हणून अडवतील, ही भीती आता बाळगू नका. त्याचा निकाल एका भारतीय नावानंच लावलाय. तिथल्या एका जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, नोंदणी कार्यालयानं नाकारलं, आणि प्रकरण थेट संघीय घटना न्यायालयात गेलं. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयानं आई-वडिलांच्या बाजूनं कौल दिला. आपल्याकडे किरण, शीतल, स्नेहल दोघांतही चालतात, याचं कुणाला काही वाटत नाही. तिकडे त्यासाठी घटना उघडावी लागली.

मधल्या नावाचं मात्र नीट बघा. आपण सवयीनं मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. जर्मन कागदावर मधलं नाव वडिलांचं समजलं जात नाही, ते तिचंच दुसरं नाव ठरतं. मग तुमची लेक आयुष्यभर कागदोपत्री एका पुरुषाचं नाव स्वतःचं म्हणून मिरवते, आणि प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसते. ती जागा तुम्ही मोकळी ठेवू शकता, किंवा तिथे खरंच तिचं दुसरं नाव घालू शकता. तुमच्या तिढ्याची किल्ली मला तिथेच दिसते. हाक मारायला जे तुम्हा दोघांना मनापासून आवडेल ते पहिलं नाव, आणि दुसरं यमुना किंवा राधा. पुढेमागे महाराष्ट्रात परतायचा विचार असेल तर एक अडचण लक्षात घ्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं ठरलंय. तिथे मधली यमुना कुणी तुम्हालाच समजेल. समजू दे. त्यापायी आत्ता हात आखडू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. महाराष्ट्रात मुलाचं नाव ठरलं नसेल तरी जन्मनोंद थांबवू नका. नावाशिवाय नोंद होते, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. लग्न ठरलेल्या मुलींनो, ताटातल्या तांदळात काहीही लिहिलं गेलं तरी कायद्यानं तुमचं नाव बदलत नाही. आधार, पासपोर्ट, पदवी यांना हात लावायचा की नाही हे तुमच्यावर आहे. हौसेनं घरापुरतं नवं नाव घ्यायचं असेल तर जरूर घ्या, आणि नको असेल तर आधीच, हसत, पण स्पष्ट सांगा. तांदूळ पसरल्यावर सांगणं फार जड जातं. संकेतस्थळांवर दिलेले नावांचे अर्थही कोशात पाहिल्याशिवाय खरे मानू नका. रेयांश म्हणजे 'सूर्याच्या किरणाचा अंश' असं तिथे बिनदिक्कत छापलेलं असतं, आणि तो 'रे' संस्कृतातला नाही, इंग्रजीतला असतो.

सासूबाईंशी मात्र तुम्ही नको, तुमच्या नवऱ्यानं बोलावं. आई त्यांची आहे. आणि 'राधा नको' असं म्हणत फोन लावू नका. आजीला माहेरी यमुना म्हणत हे तुला माहीत होतं का, असं विचारायला सांगा. कदाचित माहीत नसेल. त्या काळी सून सासूचं नाव घेत नसे, तिथे माहेरचं नाव कुठून कळणार? कदाचित माहीत असेल आणि त्या राधावरच ठाम राहतील, कारण त्यांनी जिची सेवा केली ती राधाबाईच. तोही मान ठेवण्यासारखा आग्रह आहे. मग बारशाला पाळण्यातलं नाव राधा ठेवा. पाळण्यातल्या नावाला कुठल्या कार्यालयाची परवानगी लागत नाही, आणि सासूबाईंना नातीला राधा म्हणण्यापासून कुणी अडवणारही नाही. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर रोज बोलणारी मुलगी आजीपुरती राधाच होईल.

आणि ती धाकटी बहीण. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण ऐंशीच्या आसपास असणार. तिला पुन्हा फोन करा आणि या वेळी रेकॉर्ड करा. यमू कुठल्या गावची, पोहायला यायचं का, शाळेत किती वर्षं गेली, नवं नाव ठेवलं त्या दिवशी घरी काय बोलणं झालं. हे सांगू शकणारी तुमच्या दोन्ही घरांत आता ती एकटीच आहे. नाव कोणतंही ठेवलंत तरी मुलगी सात-आठ वर्षांची झाली की विचारणारच, 'माझं हे नाव का ठेवलं?' तेव्हा मराठीत सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याजवळ हवं. तुम्हाला तिचं मराठी टिकण्याची काळजी आहे ना? ते अशा गप्पांतून टिकतं. ज्ञानदा नावाच्या, एक वाक्य मराठी न येणाऱ्या मुली मला परदेशात भेटल्या आहेत, आणि खळखळून मालवणी बोलणारी एक मायाही.

माझं मत विचाराल तर पहिलं नाव यमुना आणि घरात यमू. पण माझ्या मताला किंमत तेवढीच. आधी एक साधी गोष्ट करा. जी तीन-चार नावं उरतील ती इंग्रजी अक्षरांत एका कागदावर लिहा आणि ओळखीच्या जर्मन माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. तुम्ही उच्चार सांगू नका. मग तीच नावं तुम्ही दोघांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जेवायला हाक मारतो तशी ओरडून बघा. ठरलं की स्पेलिंग पक्कं करा, कुठे एक ए, कुठे दोन, आणि तो कागद रुग्णालयाच्या पिशवीत पासपोर्टांसोबत ठेवा. प्रसूतीनंतर फॉर्म समोर येतो तेव्हा दोघांचीही झोप झालेली नसते, आणि तिथे चुकलेलं एक अक्षर दुरुस्त करायला पुढे महिने जातात.